घरांतील गारवा : कूलर कीं वातानुकूलन ?

होळी झाली कीं आमच्या नागपुराकडील घराघरांत माळ्यावरून कूलर उतरतो, आणि अलीकडे त्याच्याबरोबर एक वादही उतरतो. मुलगे व पुतणे म्हणतात, हा पत्र्याचा खोका आतां भंगारांत घालावा आणि वातानुकूलन यंत्र, ज्याला सर्वत्र एसी म्हणतात, तें बसवून घ्यावें. वडील मंडळी म्हणतात, ज्या कूलरपुढें निजून तुम्ही लहानाचे मोठे झालांत त्यांत आतांच काय उणें निघालें ? अखेर कोणी तरी विजेच्या बिलाचा कागद पुढें करतो आणि वाद पुढील वर्षावर जातो. आमच्या घरीं हा क्रम सहा वर्षें चालला होता. गेल्या वर्षीं ज्येष्ठ महिन्यांत जो प्रसंग ओढवला त्यानें तो संपविला. तेव्हां असें ध्यानांत आलें कीं, आपण कोणत्या हवेंत राहतों हें न पाहतां आम्ही सर्वजण केवळ यंत्रांची तुलना करीत बसलों होतों. आमच्यासारखींच अनेक कुटुंबें या विचारांत असतील, म्हणून जें समजलें तें येथें मांडतों.

कूलरचें तत्त्व आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलें आहे. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाऱ्यानें सुकतें आणि सुकतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. कूलरमध्यें तोच प्रकार हवेच्या बाबतींत घडतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हावयाची तर सुमारें २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ही किती म्हणाल, तर तेवढ्या उष्णतेंत २५ अंशांवरील साडेसात लिटर पाणी उकळूं लागेल. ओल्या ताटींतून जाणारी कोरडी हवा ही उष्णता स्वतःच्या पदरची देते, म्हणून गार होऊन बाहेर पडते. या कामीं वाळ्याची योजना आपल्या पूर्वजांस चांगलीच ठाऊक होती. अमरकोशांत ज्या गवतास वीरण म्हटलें आहे त्याचें मूळ म्हणजे उशीर, अर्थात् आपला वाळा. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभीं उशीराचा लेप शकुंतलेकडे नेला जातो, कारण तिला ऊन बाधलें आहे असा आश्रमांत समज असतो. (खरें कारण निराळेंच होतें, हें प्रेक्षकांस ठाऊक असतें, तें असो.) इंग्रजी अंमलांत साहेबांच्या बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर भिस्ती पाणी शिंपीत. एकोणिसाव्या शतकांत ‘थर्मँटिडोट’ नांवाची, हातानें फिरवावयाच्या पंख्याची एक मोठी पेटी निघाली. तिच्या तोंडांशींही ओल्या ताट्याच असत. त्या पेटीला विजेची मोटर व पाण्याचा पंप जोडला म्हणजे आजचा कूलर झाला. हल्लीं वाळ्याच्या जागीं लांकडाचा बारीक कीस किंवा मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी येते. जाळी अधिक टिकते व पाणीही चांगलें धरते; परंतु पहिल्या दिवशीं वाळा भिजला म्हणजे जो वास घरभर पसरतो तो तिला कोठून येणार !

आतां मुख्य मुद्दा. कूलर हवा किती गार करील हें त्याच्या किंमतीवर किंवा आकारावर फारसें अवलंबून नाहीं. तें हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. हें मोजण्याचें साधन अगदीं सोपें आहे. आम्ही संस्कृतचे शिक्षक. परंतु विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले म्हणजे त्यांचा तास आमच्या वांट्यास येई, आणि ओल्या व कोरड्या पाऱ्याचा आर्द्रतामापक आम्हीं कित्येक वर्गांना फळ्यावर काढून दाखविला आहे. घरीं तो असा करावा : भिंतीवर टांगण्याचे दोन साधे थर्मामीटर आणावे. एकाच्या फुग्यास स्वच्छ धुतलेल्या मलमलीची चिंधी गुंडाळून तिचें टोंक पाण्याच्या वाटींत सोडावें. दुसरा तसाच कोरडा ठेवावा. दोन्ही सावलींत, पंख्याच्या वाऱ्यांत शेजारीं शेजारीं टांगून दहा मिनिटांनीं पाहावें. ओला पारा जेथें थांबेल ती कूलरची सीमा. कितीही उत्तम कूलर असला तरी तो त्या सीमेखालीं जात नाहीं. चांगला असेल तर दोन पाऱ्यांमध्यें जें अंतर आहे त्याच्या तीन-चतुर्थांशाइतकी हवा उतरवितो, एवढेंच.

वैशाखांत नागपूर, चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीकडे कोरडा पारा ४४ वर असतो व हवेंत ओलावा जेमतेम १५ टक्के असतो. अशा दिवशीं ओला पारा २३ च्या आसपास राहतो. अंतर २१ अंशांचें. त्याचे तीन-चतुर्थांश म्हणजे जवळजवळ १६. याचा अर्थ असा कीं, बाहेर अंगाची लाही होत असतां कूलरच्या तोंडाशीं २८-२९ अंशांचा वारा मिळतो. तोच मुंबईच्या किनाऱ्यावरील मे महिना घ्या. कोरडा पारा ३३, ओलावा ७० टक्के, ओला पारा सुमारें २८. अंतर अवघें पांच अंशांचें. कूलरनें फार तर तीन-साडेतीन अंश उतरतील, आणि मोबदल्यांत हवेंतला ओलावा नव्वदीपलीकडे जाईल. अंगावरचा घाम वाळेनासा झाला म्हणजे त्या तीन अंशांचें सुख कोठल्या कोठें जातें.

याचा दाखला आमच्याच घरांत आहे. आमचे धाकटे बंधु नोकरीनिमित्त डोंबिवलीस असतात. एका वर्षीं मे महिन्यांत ते सहकुटुंब येथें आले, कूलरपुढें आठ दिवस निजले, आणि इतके संतुष्ट झाले कीं जातांना एक नवा कूलरच बरोबर घेऊन गेले. पहिल्या रात्रीं वारा जोराचा लागला म्हणून सर्वांस बरें वाटलें. चौथ्या दिवशीं भावजयींचा फोन आला. म्हणाल्या, “दादा, तुमच्या कूलरनं माझे वर्षाचे पापड सादळले, कपाटांतल्या पुस्तकांना वास सुटला, आणि उकाडा आहे तिथंच आहे.” आम्हीं हंसून सोडून दिलें. हंसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, हें पुढें कळावयाचें होतें.

गेल्या वर्षीं मृग लागून दहा-बारा दिवस झाले तरी आमच्याकडे पाऊस नव्हता. आभाळ भरून येई, वारा पडे, आणि तसेंच ओसरे. पारा वैशाखाच्या मानानें बराच उतरलेला, म्हणून आम्ही निश्चिंत होतों. आमच्या मातोश्रींचें वय तेव्हां शहाऐंशी वर्षांचें. त्या माजघरांत कूलरच्या समोर निजत. त्या रात्रीं फारच उकडूं लागलें, म्हणून आम्हीं कूलरचा वेग वाढविला आणि गारवा बाहेर जाऊं नये अशा समजुतीनें खिडक्या व मागचें दार लावून घेतलें. पहांटे तीनच्या सुमारास त्या असंबद्ध बोलूं लागल्या. आमच्या दिवंगत वडिलांचें नांव घेऊन, अंगणांत वाळत घातलेले गहूं आंत आणा, असें पुन्हां पुन्हां सांगूं लागल्या. हात लावून पाहिलें तों अंग तापलेलें. शेजारच्या डॉक्टरांना उठवून आणलें. त्यांनीं खोलींत पाऊल टाकतांच प्रथम कूलरचें पाणी बंद करावयास व खिडक्या उघडावयास सांगितलें, ओल्या फडक्यानें अंग पुसून पंखा लावला, आणि मग रुग्णालयांत नेलें. शिरेंतून सलाईन द्यावें लागलें. तिसऱ्या दिवशीं त्या घरीं आल्या. परंतु त्या दोन रात्रीं आमच्या घरांतील अकरा माणसांपैकीं कोणाचाही डोळा लागला नाहीं.

त्या घरीं परतल्यावर आम्हीं वाटी व चिंधी घेऊन तो जुना आर्द्रतामापक मांडला. बाहेर कोरडा पारा ३५ आणि ओला साडेअठ्ठावीस. म्हणजे नागपूर त्या दिवसांत डोंबिवलीच झालें होतें. त्यांतून आम्हीं खिडक्या लावलेल्या. कूलरला मागून बाहेरची ताजी हवा व पुढून आंतली हवा निघून जाण्यास वाट, हीं दोन्ही हवींत. वाट बंद केली म्हणजे तो तीच ती ओली हवा पुन्हां पुन्हां भिजवितो आणि खोलीचें न्हाणीघर होतें. हें सर्व आम्ही मुलांना शिकवीत होतों. फळ्यावरचें ज्ञान माजघरापर्यंत पोंचावयास आईचें दुखणें व्हावें लागलें, याची लाज आम्हांस अजून वाटते.

ओल्या पाऱ्याचें महत्त्व केवळ कूलरपुरतें नाहीं. आपलें शरीरही घामाच्या द्वारें स्वतःचा कूलरच चालवीत असतें. ओला पारा ३५ अंशांवर राहिला तर निरोगी मनुष्यही सावलींत स्वस्थ बसून कांहीं तासांपलीकडे तगणार नाहीं, असें शेरवूड व ह्यूबर या संशोधकांनीं २०१० सालीं मांडलें. पुढें २०२२ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया येथील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत तरुण, धडधाकट माणसांनाही दमट हवेंत ३१ च्या आसपासच शरीराची उष्णता आवरेनाशी झाली असें आढळलें. वृद्धांस तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबावरील कित्येक औषधांनीं शरीरांतील पाणी आणखी कमी होतें. तेव्हां ज्या घरीं वडील माणूस आहे तेथें ४४ च्या कोरड्या दुपारीं जितकी काळजी घेतात तितकीच ३५ च्या दमट रात्रीं घ्यावी.

येथें वातानुकूलन यंत्राचा अधिकार सुरू होतो. हें यंत्र प्रथम जन्मास आलें तें माणसांच्या सुखासाठीं नव्हे, कागदासाठीं. १९०२ सालीं न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यांत हवेंतील ओलाव्यानें कागद फुगे व रंगांची छपाई एकावर एक नीट बसेना. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरानें थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यांतील पाणी काढून घेण्याची योजना केली. आजचें यंत्रही तेंच करतें. बंद नळ्यांत फिरणारा द्रव खोलींतली उष्णता शोषून बाष्प होतो, बाहेरच्या भागांत ती उष्णता टाकून पुन्हां द्रव होतो. आणि गार नळ्यांवर हवेंतील ओलावा दंव पडावें तसा जमून नळीवाटे बाहेर टपकतो. कूलर हवेंत पाणी घालतो, हें यंत्र पाणी काढतें. म्हणूनच एका खोलींत दोन्ही एकाच वेळीं कधीं लावूं नयेत. यंत्राची अर्धी शक्ति कूलरनें घातलेलें पाणी उपसण्यांतच जाते. यंत्राचें माप टनांत सांगतात त्याचा वजनाशीं संबंध नाहीं. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते तितकी उष्णता तें खोलींतून काढतें, असा त्याचा अर्थ.

खर्चाचें गणित उघड आहे. मोठा कूलर ताशीं सुमारें २०० वॅट वीज घेतो; रात्रीच्या दहा तासांस दोन युनिट झाले. दीड टनाच्या यंत्रास तेवढ्याच वेळांत आठ ते बारा युनिट लागतात. कोणतें किती तारांकित आहे व खोली कशी आहे यावर तें ठरतें. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रें सुरू होतांच २४ अंशांवर लागतील अशींच येतात, आणि प्रत्येक अंश वर ठेवला कीं सुमारें ६ टक्के वीज वांचते असा ऊर्जा दक्षता ब्यूरोचा हिशेब आहे. आमचे पुतणे १८ वर ठेवून वर रजई घेतात, याला काय म्हणावें ! शिवाय वीज गेली असतां घरांतील बॅटरीवर कूलर चालतो, हें यंत्र सहसा चालत नाहीं.

परंतु एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें आम्हांस खरी अडचण दुसरीच वाटते. कूलर उघड्या घरांत चालतो. माजघरांत लावला तर ओटीवर बसलेल्यास, स्वयंपाकघराच्या दारांत भाजी निवडणाऱ्या सुनेस, पाळण्यांतल्या मुलास, सर्वांस त्याचा थोडाथोडा वारा लागतो. वातानुकूलन यंत्रास बंद खोली हवी. उंच छताचें, आठ दारांचें जुनें घर त्यानें गार होत नाहीं. एक खोली निवडावी लागते, आणि ती कोणाची हा प्रश्न उभा राहतो. आमच्या ओळखीच्या एका घरीं धाकट्या मुलाच्या खोलींत यंत्र बसलें आणि वडील भावाच्या खोलींत बसलें नाहीं. त्या उन्हाळ्यापासून जेवणाच्या पंक्ति दोन झाल्या. उलट सर्वांनींच एका खोलींत निजावें म्हटलें तर हें भिंतीवरचें यंत्र बाहेरची ताजी हवा आंत आणीत नाहीं, तीच हवा फिरवितें. आठ-दहा माणसें रात्रभर दार लावून निजलीं तर सकाळीं डोकीं जड होतात. अधून मधून खिडकी उघडावी. भिंतीपलीकडे टाकलेली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकींत जाते, तेंही पाहावें.

कूलरच्या पक्षाकडूनही दोन-तीन गोष्टी न लपवितां सांगितल्या पाहिजेत. कोरड्या दुपारीं मोठा कूलर तासाला १५ ते २० लिटर पाणी पितो. ज्या गांवीं टँकरची वाट पाहावी लागते तेथें हा खर्च विजेपेक्षांही जड आहे. टांकींतलें पाणी आठवड्यांतून एकदां पूर्ण काढून कडा घांसल्या पाहिजेत, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ सांचलेल्या पाण्याच्या कडेला अंडीं चिकटवितो आणि तीं आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतात. नुसतें वरून पाणी ओतत राहिल्यानें अंडीं जात नाहींत. आणि सर्वांत मोठें भय विजेच्या धक्क्याचें. विदर्भांतील वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यांत कूलरला हात लागून माणूस दगावल्याची बातमी असते, व त्यांत लहान मुलेंही असतात. आमच्याच घरीं एकदां धाकट्या सूनबाई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून चालू कूलरमध्यें पाणी भरीत होत्या. बादली पत्र्याला टेकतांच त्या मागें फेंकल्या गेल्या. हात भाजण्यावर निभावलें. तपासून पाहतां वायरीला दोनच पिना होत्या, भूमीशीं जोडणारी तिसरी तार नव्हतीच. ती आम्हींच, लवकर काम व्हावें म्हणून, बसवून घेतली होती. तेव्हांपासून पाणी भरण्यापूर्वीं प्लग काढून बाहेर ठेवावयाचा असा नियम आहे, आणि गळती होतांच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ मुख्य पेटींत बसविली आहे. तिला खर्च फार येत नाहीं.

आमच्या घरीं अखेर काय ठरलें तें सांगतों. माजघरांतला कूलर आहे तेथेंच आहे; चैत्रापासून मृगापर्यंत तोच घराचा आधार. त्याच्यामागची खिडकी व समोरचें दार आतां कोणी लावीत नाहीं. गच्चीवर चुना दिला. त्यानें वरच्या खोल्यांत जो फरक पडला तो दोन्ही यंत्रांपेक्षां स्वस्तांत पडला. आणि मातोश्रींच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलींत एक टनाचें वातानुकूलन यंत्र घेतलें. तें केव्हां लावावयाचें हें कोणाच्या मनावर नाहीं. दारावर दोन थर्मामीटर टांगलेले आहेत. ओला पारा २६ च्या वर गेला कीं यंत्र लागतें. हा आंकडा आम्हीं आमच्या आईच्या प्रकृतीवरून ठरविला आहे. प्रत्येकानें आपल्या डॉक्टरांस विचारून आपला ठरवावा. चिंधी बदलण्याचें व वाटी भरण्याचें काम पुतण्याच्या नऊ वर्षांच्या मुलीकडे आहे, आणि ती तें आमच्या वर्गांतील कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षां चोख करते.

राहिली एक अडचण, ती मातोश्रींचीच होती. यंत्र बसलें त्या दिवशीं त्या खोलींत जावयास तयार होईनात. म्हणाल्या, “दार लावून घेतलंत तर घरांत कोण आलं, कोण गेलं, मला कसं कळायचं ? साठ वर्षं ह्या घरांत मी दार लावून निजलें नाहीं.” दोन दिवस समजूत घातली, उपयोग झाला नाहीं. शेवटीं सुतारास बोलावून दाराच्या मधल्या फळीच्या जागीं, पलंगावरून दिसेल अशा उंचीवर, हातभर रुंद कांच बसवून घेतली. आतां त्या आंत निजून माजघरांतली ये-जा पाहतात, आणि कोणी हातपाय न धुतां आंत आला तर आंतूनच कांचेवर बोट वाजवितात.